कौतुक आणि चव्हाटा

बाळ पहिलें पाऊल टाकतें तो दिवस घरांत सणासारखा वाटतो. आजी बोटें मोडते, आई मीठमोहऱ्या ओवाळते, शेजारणी डोकावून जातात. आपल्या लेकराचें कौतुक चार माणसांस सांगावें ही मनुष्याची जुनी व निर्मळ हौस आहे. तिला दोष देण्याकरितां आम्हीं लेखणी उचललेली नाहीं. परंतु तीं चार माणसें आतां चारच राहिलीं नाहींत. २००४ सालीं फेसबुक निघालें, २००५ सालीं यूट्यूब, २०१० सालीं इन्स्टाग्राम. आणि बारसें, उष्टावण, पहिला दांत, शाळेचा पहिला दिवस, परीक्षेंतील गुण, या सर्वांचीं चित्रें अंगणांतून उठून चव्हाट्यावर आलीं. आईबापांनीं तीं तेथें मांडावीं काय, या प्रश्नाचा विचार येथें करावयाचा आहे.

प्रथम पालकांची बाजू पाहूं. पूर्वीं मूल दहा जणांच्या मांडीवर वाढे. आज मुलगा पुण्यास, सून नोकरीवर, आणि आजीआजोबा कोंकणांतल्या घरीं, अशी कित्येक कुटुंबांची स्थिति आहे. नातवाचें रांगणें आजीस मोबाईलमध्येंच दिसावयाचें. एकट्या पडलेल्या नव्या आईस दुसऱ्या आयांचे चार शब्द धीर देतात, हेंही खरें. तथापि आजीस चित्र धाडणें आणि तेंच जगापुढें मांडणें या एकच गोष्टी नव्हेत. पत्र लखोट्यांत घालून पाठविणें व तेंच बाजारांतल्या भिंतीवर डकविणें यांत जो भेद आहे, तोच येथें आहे. शिवाय भिंतीवरचा कागद फाडतां येतो. समाजमाध्यमांवरील चित्राची प्रत कोणीं उतरून घेतली असेल तर मूळ चित्र पुसूनही ती मागें राहते. चित्रांत शाळेचा गणवेश असतो, दारावरची पाटी असते, वाढदिवसाची तारीख असते. आणि तेवढ्यावरून परक्या माणसास मुलाचें नांव, वय व ठिकाण सहज जुळवितां येतें.

आमच्या पाहण्यांतील एक गोष्ट सांगतों. इयत्ता सातवींत एक मुलगा होता; त्याचें पाठांतर व आवाज दोन्ही उत्तम. तो चार वर्षांचा असतां शाळेच्या दारांत आईस बिलगून रडत होता, तें चलच्चित्र आईनें मोठ्या मायेनें समाजमाध्यमावर ठेविलें होतें. आठ वर्षांनीं तें एका सोबत्याच्या हातीं लागलें. मधल्या सुट्टीपर्यंत अर्धा वर्ग त्या रडण्याची नक्कल करूं लागला. आम्हीं स्वतः तें प्रथम पाहिलें तेव्हां आम्हांसही हंसूं आलें, हें येथें कबूल केलें पाहिजे. त्या आठवड्यांत मुलानें वक्तृत्वस्पर्धेंतून आपलें नांव काढून घेतलें. आम्हीं समजूत घालूं लागलों तेव्हां तो म्हणाला, “सर, मुलें चिडवतातच. पण आईनें मला विचारलें नाहीं.” त्याच संध्याकाळीं आईनें तें चित्र काढून टाकलें, परंतु तोंवर तें कित्येक मोबाईलांत जाऊन बसलें होतें.

हें दुःख केवळ यंत्रानें आणिलें असें मात्र नव्हे. इंग्लंडांत ए. ए. मिल्न यांनीं आपला लहान मुलगा ख्रिस्तोफर रॉबिन याचें नांव घालून १९२४ ते १९२८ या काळांत चार पुस्तकें प्रसिद्ध केलीं. बापाच्या मनांत प्रीतीवांचून दुसरें कांहीं नव्हतें, आणि पुस्तकें जगभर आवडलीं. परंतु मुलगा वसतिगृहाच्या शाळेंत गेला तेव्हां त्याच पुस्तकांवरून सोबत्यांनीं त्यास सतावलें. बिछान्यापाशीं प्रार्थना करणाऱ्या लहानग्याची जी कविता घरोघर नांवाजली गेली, तिनेंच आपल्यास अतोनात लाज आणिली, असें त्यानें पन्नाशी उलटल्यावर, १९७४ सालच्या आत्मवृत्तांत लिहिलें आहे.

कायदाही आतां या बाजूस वळत आहे. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क करारांत मुलाच्या खाजगीपणास व त्याच्या मतास मान आहे; भारत त्यांत १९९२ सालीं सामील झाला. २०१७ सालीं आपल्या सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनीं खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे असें एकमतानें ठरविलें. २०२३ सालीं मंजूर झालेल्या व्यक्तिगत माहितीच्या कायद्यानें अठरा वर्षांखालील मुलांची किल्ली पालकांच्या हातीं दिली. पण पहारेकऱ्यानेंच दार उघडें टाकलें तर काय? फ्रान्समध्यें २०२४ च्या कायद्यानें याचा विचार केला असून, वय व समज पाहून मुलासही अशा निर्णयांत घ्यावें असें आईबापांस सांगितलें आहे.

तेव्हां कौतुक सोडा असें आमचें म्हणणें नाहीं. जे मुलास ओळखतात त्यांच्यापुरतें तें ठेवा. रडणें, आजार, शिक्षा, नापास होणें व उघडें अंग यांचीं चित्रें कोणासही धाडूं नका. आणि मूल बोलूं लागलें कीं त्यास विचारा. त्याचें बालपण ही आपणांपाशीं ठेविलेली ठेव आहे. मोठें झाल्यावर तें ती मागावयास येणारच.

पुढील वर्षीं तो मुलगा स्नेहसंमेलनांत पुन्हा बोलावयास उभा राहिला. आईनें मोबाईल अर्धवट उचलून त्याच्याकडे पाहिलें. त्यानें मान हलवून नको म्हटलें. तिनें मोबाईल पिशवींत टाकला आणि मोकळ्या हातांनीं टाळ्या वाजविल्या. इतकें प्रत्येक घरीं साधलें तरी पुष्कळ झालें.