संकेतस्थळाच्या पानांचे पत्ते

आपल्या घराण्याचा कुलवृत्तांत महाजालावर ठेवण्याची प्रथा आतां पडूं लागली आहे. आप्तमंडळी देशोदेशीं विखुरलेली असतां ही प्रथा स्तुत्यच म्हटली पाहिजे. परंतु हें काम अंगावर घेणारे तरुण रंगांचा व छायाचित्रांचा जितका विचार करतात, तितका पानाच्या पत्त्याचा करीत नाहींत. म्हणून त्याविषयीं चार शब्द लिहिणें आम्हांस अगत्याचें वाटतें.

टिम बर्नर्स-ली यांनीं १९८९ सालीं जिनीव्हाजवळील सर्न या संशोधनसंस्थेंत महाजालाची कल्पना मांडली. पत्त्याची ही पद्धतही त्यांच्याच योजनेंतील. पत्त्याचा पहिला भाग घराचा, तर पुढचा त्यांतील खोलीचा होय. घराचें नांव बहुधा सुबक असतें. घोटाळा होतो तो पुढें. तेथें यंत्रानें आपण होऊन घातलेलें प्रश्नचिन्ह आणि ‘४८२७’ असा कांहीं तरी आंकडा असतो. त्याऐवजीं ‘वृत्तांत/कोंकण-शाखा’ असे शब्द असले, तर पान उघडण्यापूर्वींच आंत काय आहे हें घरांतील वृद्धांसही कळतें. गूगलसारखीं शोधयंत्रेंही हे शब्द वाचतात. त्यांचें वजन अल्प असलें, तरी शोधणाऱ्याचा विश्वास त्यांनीं वाढतो.

नियम थोडे आहेत. दोन शब्दांमध्यें आडवी रेघ घालावी, तळरेघ घालूं नये. गूगलची शिफारस अशीच आहे. रोमन अक्षरें सर्व लहान ठेवावीं, कारण लहान व मोठें अक्षर पुष्कळ यंत्रांस निराळें वाटतें. ‘नवीन’, ‘अंतिम’ असले लवकर शिळे होणारे शब्द टाळावे.

मग पत्ता देवनागरींत असावा काय? २०१४ सालापासून ‘.भारत’ हें देवनागरी नांवही मिळूं लागलें आहे, आणि शोधयंत्रांस देवनागरी समजते. अडचण आहे ती पत्ता दुसरीकडे चिकटवतांना. तेथें पुष्कळदां प्रत्येक अक्षरचिन्हाऐवजीं टक्केचिन्हांसह नऊ चिन्हें उमटतात, आणि काना-मात्राही निराळे मोजले जातात. ‘आजोबा’ या एका शब्दाचीं अशीं पंचेचाळीस चिन्हें होतात! म्हणून पत्ता लहानशा रोमन शब्दांत व पानाचा मथळा देवनागरींत, हा मार्ग आम्हांस सोयीचा वाटतो.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट अशी कीं, एकदां दिलेला पत्ता बदलूं नये. बर्नर्स-ली यांनीं १९९८ सालीं एका लेखांत हाच आग्रह धरला होता. बदल अटळच असेल, तर जुन्या पत्त्यावरून नव्याकडे कायमची वाट लावून द्यावी. संगणकाच्या परिभाषेंत तिचा क्रमांक ३०१ आहे. कोणा मावशीनें तो पत्ता वहींत उतरून ठेवलेला असतो, तर कोणीं छापील वृत्तांतांत दिलेला असतो. ती वही आणि तें पुस्तक आपणांस मागाहून दुरुस्त करतां येत नाहीं. तेव्हां पहिलें पान चढविण्यापूर्वींच घरांतील चार माणसांनीं एकत्र बसून पत्त्यांची यादी ठरवावी, एवढीच आमची सूचना आहे.