खोळंबलेल्या कार्यप्रवाहाचे पुनश्चालन

कार्यालयातील फाइल कोणाच्या मेजावर अडली आहे, हे शोधण्याचा प्रसंग ज्यांवर आला आहे त्यांस प्रस्तुत विषय सर्वस्वी अपरिचित वाटणार नाही. कार्यप्रवाह चालविणारी संगणक-प्रणाली म्हणजे अर्ज, तपासणी, मंजुरी, पत्र अशा पायऱ्यांतून प्रत्येक प्रकरण पुढे नेणारा एक न थकणारा कारकूनच होय. परंतु हा कारकूनही मधेच थांबतो, आणि त्यास पुन्हा चालते करण्याचे काम अखेर मनुष्याकडे येते. त्या कामाचा विचार येथे कॅमुंडा या प्रणालीच्या सातव्या आवृत्तीस अनुसरून केला आहे.

थांबलेले प्रत्येक प्रकरण अडलेले असते असे नाही. स्वाक्षरीची, बाहेरील संदेशाची वा ठरलेल्या दिवसाची वाट पाहणारे प्रकरण आपले काम नीटच करीत असते. कधी काम हाती घेतलेला संगणकच बंद पडतो. प्रणालीने त्या कामास लावलेले कुलूप, मुदत बदलली नसल्यास, ५ मिनिटांनी सुटते व दुसरा संगणक ते उचलतो. तेथे धीर धरणे हाच उपाय. तिसऱ्या प्रकारात मात्र पायरीच फसते. प्रणाली सामान्यतः ३ वेळा प्रयत्न करते आणि मग 'इन्सिडंट' अशी नोंद करून स्वस्थ बसते. हस्तक्षेपाची खरी जागा ही.

पडद्यावर 'पुन्हा प्रयत्न' करण्याची कळ असतेच, व ती दाबण्याचा मोह अनावर होतो. पण समजा, प्रवेश रद्द केलेल्या विद्यार्थ्याचे शुल्क परत करावयाचे आहे. मंजुरी झाली; पुढील पायरीने बँकेस १२,००० रुपये देण्याची आज्ञा पाठविली; त्यानंतर विद्यार्थ्यास पत्र जावयाचे, तोच पत्र पाठविणारी यंत्रणा बंद पडली. आता प्रकरण कोठे अडलेले दिसेल? पत्राच्या पायरीवर दिसेलच असे नाही. प्रणाली आपली स्थिती डेटाबेसमध्ये लिहिते ती केवळ आखून दिलेल्या विश्रामस्थानी. बँकेच्या पायरीपूर्वी असे स्थान ठेवले असेल आणि पत्रापूर्वी नसेल, तर पत्र फसताच प्रणाली दोन्ही पायऱ्या घडल्याच नाहीत असे मानून मागे येते. तिची नोंद मागे येते, बँकेतून गेलेले पैसे येत नाहीत. त्यातही तीन प्रयत्नांत आज्ञा तीनदा गेलेली असू शकते. कळ दाबणारा मनुष्य चौथी पाठवितो!

म्हणून पहिली चौकशी प्रणालीच्या बाहेर, येथे बँकेकडे, करावी. प्रत्येक आज्ञेसोबत प्रकरणाचा एकच क्रमांक जात असेल व पुनरावृत्ती ओळखून ती नाकारण्याची सोय बँकेकडे असेल, तर भय नाही. पत्राची यंत्रणा दुरुस्त करून खुशाल पुन्हा प्रयत्न करावा. तशी सोय नसेल आणि पैसे एकदा गेले असतील, तर कळ दाबू नये.

अशा वेळी प्रकरणाची सोंगटी हाताने हलवावी लागते. ही सोंगटीची कल्पना कार्ल आडाम पेट्री यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या जालांतही आहे. त्यांचा प्रबंध १९६२ सालचा. बँकेच्या पायरीवरील सोंगटी उचलून पत्राच्या पायरीपूर्वी ठेवण्याची मुभा कॅमुंडा देते. मात्र बँकेने दिलेला व्यवहार-क्रमांकही मागे फिरताना पुसला गेलेला असतो. तो हाताने भरला नाही, तर पत्र त्या क्रमांकावाचूनच जाईल. पैसे अधिक वेळा गेले असल्यास सोंगटी हलवून भागत नाही; वसुलीची उलट पायरी स्वतंत्रपणे चालवावी लागते. प्रत्येक पायरीस अशी भरपाईची जोड असावी, हा विचार हेक्टर गार्सिया-मोलिना व केनेथ सेलेम यांनी १९८७ च्या 'सागाज' या निबंधात मांडला आहे.

काही धाडसी मंडळी थेट डेटाबेसच्या तक्त्यांत हात घालतात. चालू स्थितीचे व इतिहासाचे तक्ते वेगळे असल्याने त्यांत मेळ राहत नाही, आणि पुढचा बिघाड शोधणाऱ्यास खोटीच वाट दिसते. सोंगटी प्रणालीच्याच आज्ञेने हलवावी. आणि प्रकरण उपप्रक्रियेत असेल, तर आधी नवी सोंगटी ठेवून मग जुनी उचलावी. क्रम उलटा झाल्यास ती उपप्रक्रियाच संपते व तिच्यापुरती राखलेली मूल्ये तिच्याबरोबर नाहीशी होतात.