घराचा विमा : स्वस्त कोणता आणि खरा कोणता?



नोव्हेंबर लागला की आपल्या बेटावर वादळाचा मोसम सुरू होतो व तो मे महिन्याच्या मध्यापर्यंत चालतो. या दिवसांत घरोघरी मेणबत्त्या, बिस्किटे, डब्यातील मासे, रेडिओच्या बॅटऱ्या यांची जमवाजमव होते. पाण्याच्या टाक्या भरल्या जातात, पत्र्यांना दोर बांधले जातात. पण कपाटात ठेवलेला घराच्या विम्याचा कागद मात्र सहसा कोणी बाहेर काढीत नाही. आज त्या कागदाविषयी चार शब्द लिहावेत असे आम्ही योजिले आहे.

आपल्या वाडवडिलांजवळ विमा नव्हता. 1960 सालच्या जानेवारीत अ‍ॅलिक्स व फेब्रुवारीत कॅरल अशी दोन वादळे एकामागून एक आली. तेव्हा गवताची व पत्र्याची घरे होत्याची नव्हती झाली आणि कितीतरी कुटुंबांनी शाळांच्या इमारतींत आसरा घेतला. त्यानंतर सेंट्रल हाउसिंग ऑथॉरिटीच्या वसाहती उभ्या राहिल्या व लोक हळूहळू सिमेंटच्या घरांकडे वळले. 1975 साली जर्व्हेज आले, 1994 साली होलांडा आले. होलांडाच्या वेळी आम्ही शाळेत शिकत होतो. वीज व पाणी परत येण्याची वाट पाहण्याचे ते दिवस आम्हांला अजून आठवतात. दर वादळानंतर आपल्या लोकांनी भिंती अधिक भक्कम केल्या. घर भक्कम झाले म्हणजे काम संपले, असे आपल्यापैकी पुष्कळांना वाटते. आम्हांलाही तसेच वाटत होते.

2024 सालच्या 15 जानेवारीला बेलाल वादळ आपल्या बेटाजवळून गेले. राजधानीच्या रस्त्यांवरून मोटारी पाण्यात वाहत गेल्याचे आपण सर्वांनी पाहिले. त्या दिवशी आमच्या एका काकींच्या घराच्या वरच्या मजल्याच्या खिडक्या फुटल्या, दारे उखडली, पाणी आत शिरून छताचे व भिंतींचे नुकसान झाले. दुरुस्तीचा अंदाज 2 लाख रुपये निघाला. काकींनी विम्याचा कागद काढला. काकांच्या हयातीपासून त्यांनी एकही हप्ता चुकविला नव्हता. कंपनीचा पाहणी करणारा माणूस आला, त्याने घर मोजले, आणि काही आठवड्यांनी हातात पडले 70 हजार रुपये. उरलेले 1 लाख 30 हजार नातीच्या पुढील शिक्षणासाठी ठेवलेल्या पैशांतून काढावे लागले.

"बाळा, तू शिक्षक आहेस. हे गणित मला समजावून सांग. त्यांनी आम्हांला फसविले का?" काकींनी विचारले.

आम्ही कागद नीट वाचला. फसवणूक नव्हती. होते ते केवळ त्रैराशिक, जे आपण प्राथमिक शाळेतील मुलांना शिकवितो. काकांनी घराचा विमा 16 लाखांचा उतरविला होता. त्या वेळी घर एकमजली होते व ती रक्कम योग्यच होती. पुढे मुलाने वर दुसरा मजला चढविला, मागे नवे स्वयंपाकघर बांधले. पण कंपनीला कोणी कळविले नाही. उलट हप्ता फारसा वाढत नाही याचा सर्वांना आनंदच वाटत होता. आज ते घर पुन्हा बांधावयाचे तर 40 लाख रुपये, म्हणजे चार मिलियन, लागतील असे त्या माणसाने ठरविले. चाळीसपैकी सोळा म्हणजे पाचपैकी दोन. घराच्या पाचपैकी दोन भागांचाच विमा आहे, म्हणून नुकसानीचेही पाचपैकी दोनच भाग मिळणार : 2 लाखांचे 80 हजार. त्यातून प्रत्येक दाव्यात घरमालकाने स्वतः सोसावयाचे 10 हजार वजा झाले. राहिले 70 हजार.

लक्षात घ्या, नुकसान 16 लाखांहून फारच कमी होते. तरीही पूर्ण भरपाई मिळाली नाही. हा नियम पुष्कळ विमापत्रांत असतो व पुष्कळांना तो वादळानंतरच कळतो. म्हणून विम्याची तुलना करण्यापूर्वी पहिला प्रश्न कंपनीला नव्हे, स्वतःला विचारावयाचा : आज माझे घर पुन्हा बांधण्यास किती खर्च येईल? यात जमिनीची किंमत धरू नये, कारण जमीन वादळाने उडून जात नाही. घर विकल्यास किती मिळेल हेही धरू नये. एकूण बांधकामाचे क्षेत्रफळ घ्यावे व ओळखीच्या ठेकेदाराकडून आजचा दर घेऊन गुणाकार करावा. त्यात मोडतोड उचलण्याचा खर्च, इंजिनियरची फी, आवाराची भिंत व गच्चीवरील सौर बंब यांची भर घालावी. सिमेंट व लोखंड गेल्या काही वर्षांत किती महागले हे आपण जाणतोच; तेव्हा दोन-तीन वर्षांनी हे गणित पुन्हा करावे.

रक्कम ठरली की मग तीन कंपन्यांकडून त्याच रकमेचा दर लेखी मागवावा. येथे आपण सर्वसाधारणपणे एकच आकडा पाहतो : वर्षाचा हप्ता. एक काल्पनिक उदाहरण घेऊ. घर 40 लाखांचे. पहिली कंपनी वर्षाला 5 हजार मागते, दुसरी 7 हजार. पहिलीच बरी, असे कोणीही म्हणेल. पण आत लिहिले आहे की वादळाच्या नुकसानीत पहिली कंपनी विम्याच्या एकूण रकमेचे शेकडा 5 कापून घेते, म्हणजे 2 लाख. दुसरी कंपनी झालेल्या नुकसानीचे शेकडा 10 कापते. आता दीड लाखाचे नुकसान झाले तर पहिलीकडून काहीच मिळणार नाही. दुसरीकडून 1 लाख 35 हजार मिळतील. वर्षाला 2 हजार वाचवून तेवढे पैसे साठवावयास सदुसष्ट वर्षांहून अधिक काळ लागेल!

न्यायाने दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. घर पार जमीनदोस्त झाले तर पहिली कंपनी 38 लाख देईल व दुसरी 36 लाख. तेव्हा केवळ महाग ते चांगले असेही नाही. पण सिमेंटचे घर सहसा सबंध कोसळत नाही; खिडक्या फुटतात, पाणी शिरते, सामान भिजते. आपल्या घराला कोणता धोका अधिक आहे हे पाहूनच निवड करावी. पत्र्याचे छप्पर असेल तर ते कंपनीला स्पष्ट सांगावे व त्याचे नुकसान विम्यात येते का हे लिहून घ्यावे.

यापुढे विचारावयाचे प्रश्न असे. पहिला, पुराचे काय? 30 मार्च 2013 रोजी पोर्ट लुईमध्ये पुराने अकरा जणांचे प्राण घेतले, तेव्हा वादळ नव्हते, नुसता पाऊस होता. विमापत्रात केवळ "वादळ" लिहिले असेल तर अशा पावसाच्या पाण्याचे नुकसान मिळेल का, हे विचारावे. नदीकाठी किंवा सखल भागात राहणाऱ्यांनी हा प्रश्न सर्वांत आधी विचारावा.

दुसरा, घरातील सामानाचे काय? घराचा विमा व सामानाचा विमा हे दोन वेगळे असतात. जुना फ्रीज बिघडला तर नव्याची किंमत मिळेल की वापराचा घसारा वजा होईल? मुलीचे दागिने, मंगळसूत्र, बांगड्या यांना बहुधा मर्यादा असते. त्यांची यादी, पावत्या व छायाचित्रे दुसऱ्या एखाद्या घरी ठेवावीत.

तिसरा, घर बंद असताना काय? आपली मंडळी भारतात यात्रेला किंवा फ्रान्समध्ये मुलांकडे महिना-दोन महिने जातात. घर ठराविक दिवसांपेक्षा अधिक काळ रिकामे राहिले तर चोरीची भरपाई नाकारणारी विमापत्रे पुष्कळ आहेत.

चौथा, बँकेचा विमा कोणासाठी? कर्ज घेताना उतरविलेला विमा मुख्यतः बँकेचे पैसे सुरक्षित राहावेत म्हणून असतो. त्यात सामान आहे का, आणि कर्ज फिटल्यावर तो चालू राहतो का, हे पाहावे. शेवटचा हप्ता फेडल्याचा पेढा वाटला जातो, आणि त्याच दिवसापासून घर विम्यावाचून उभे असते!

पाचवा, विमापत्र कोणाच्या नावावर आहे? आपल्यात वडिलांच्या घरावर मुलगा मजला चढवितो, वडील वारतात, आणि कागद तसाच राहतो. हे कंपनीला वेळीच कळवावे. खालच्यांनी व वरच्यांनी एकत्र बसून हप्त्याचा वाटाही ठरवावा. वादळानंतर भावाभावांत वाद होण्यापेक्षा तो आधी झालेला बरा.

विमापत्र इंग्रजीत किंवा फ्रेंचमध्ये असते व आपण क्रिओलमध्ये किंवा मराठीत विचार करतो. न समजलेली ओळ न लाजता विचारावी व उत्तर लेखी घ्यावे. एजंटाचे तोंडी आश्वासन वादळात टिकत नाही. दाव्याबाबत तक्रार असल्यास आधी कंपनीला लेखी कळवावे. समाधान झाले नाही तर 2018 सालच्या कायद्याने वित्तीय सेवांसाठी नेमलेल्या लोकपालाकडे जाता येते. आणि हे सर्व काम मोसमाआधी करावे, कारण वादळाची सूचना लागल्यावर नवा विमा सहसा कोणी देत नाही.

काकींनी आता नवे विमापत्र घेतले आहे. हप्ता पूर्वीपेक्षा जास्त आहे आणि मुलगा त्याचा अर्धा भार उचलतो. नातीने स्वतः घर मोजून गुणाकार केला, आम्ही तो फक्त तपासला. येत्या रविवारी जेवणे आटोपल्यावर आपणही घरच्या मुलांना जवळ बसवावे, कपाटातील कागद काढावा आणि हे त्रैराशिक मांडून पाहावे. उत्तर काय येते ते वादळाआधी कळलेले बरे.