एका इंचाचा हिशेब

कविसंमेलनात माझे नाव पुकारले की एक गोष्ट नेमाने घडते. मी माईकपाशी पोहोचण्याआधीच संयोजकांपैकी कुणीतरी लगबगीने पुढे येतो आणि माईकचा दांडा वीतभर खाली करतो. माझी उंची पाच फूट दोन इंच. माझ्या आधी वाचणारा कवी बहुधा माझ्याहून उंच असतो. पण आजवर एकाही संयोजकाने मला म्हटलेले नाही, की चाचा, आधी उंची वाढवून या, मग कविता वाचा. माईक वाचणाऱ्याच्या तोंडाशी आणायचा असतो, हे सर्वांना मान्य आहे.

मोटारसायकलचे मात्र उलटे आहे. बुटका माणूस शोरूममध्ये गाडीवर बसला आणि त्याचे पाय अधांतरी राहिले, की विकणारा म्हणतो, "होईल सवय." बसणारी बाई असेल, तर तिला तो न विचारताच स्कूटरच्या रांगेकडे वळवतो. गाडी माणसाच्या मापाची करता येते का, आणि ती करताना काय मिळते नि काय हातचे जाते, याचा हिशेब मला माझ्या घरातच शिकावा लागला. तोच आज तुमच्यापुढे मांडतो.

माझी धाकटी मुलगी आरोग्यसेविका आहे. नोकरी मानोरा तालुक्यात, उपकेंद्राखाली काही गावे आणि तांडे. तिची उंची चार फूट अकरा इंच. तिच्याकडे स्कूटर होती आणि डांबरी रस्त्यावर ती छान चालत होती. पण आपल्या वाशीम जिल्ह्यातली काळी माती पावसाळ्यात कशी होते, हे सोयाबीनच्या धुऱ्यावर उभ्या राहिलेल्या माणसाला सांगायला नको. स्कूटरचे चाक दहा-बारा इंचांचे. टायर आणि मडगार्ड यांच्यात जागा थोडी. तिथे चिखल बसला की चाक फिरायचे थांबते. मोटारसायकलचे चाक अठरा इंचांचे; ते खड्ड्यात कमी उतरते आणि चिखलातून वाट काढते. म्हणून तिने माझी जुनी शंभर सीसीची मोटारसायकल मागून घेतली. चार दिवसांनी म्हणाली, "अब्बा, चालवताना भीती वाटत नाही. थांबवताना वाटते."

सगळा प्रश्न या एका वाक्यात आहे. गाडी चालती असते तेव्हा ती स्वतःच तोल धरते. ती थांबली की तोल चालवणाऱ्याच्या पायांवर येतो. आता मापे पाहू. १९९४ साली आलेली आणि आजही गावोगाव दिसणारी स्प्लेंडर घ्या. तिच्या सीटची उंची जमिनीपासून ७८५ मिलिमीटर, म्हणजे साडेअठ्ठ्याहत्तर सेंटिमीटर. रॉयल एनफिल्डच्या क्लासिक ३५० ची उंची ८०५ मिलिमीटर. माझ्या मुलीएवढ्या उंचीच्या व्यक्तीचा पाय टाचेपासून जांघेपर्यंत साधारण सदुसष्ट-अडुसष्ट सेंटिमीटर भरतो. वजाबाकी केली तर दहा-अकरा सेंटिमीटर कमी पडतात. बसल्यावर स्प्रिंगा दोन-तीन सेंटिमीटर दबतात, तेवढे परत मिळतात. पण सीट रुंद असल्याने मांड्या फाकतात आणि ते पुन्हा निघून जातात. उरतात फक्त चवडे. सपाट सिमेंटवर चवड्यांवर भागते. बैलगाडीच्या चाकोरीत पाय टेकायला गेले, की जमीन असायला हवी तिथे ती नसते. सव्वा क्विंटलच्या आसपासची गाडी एकदा ठरावीक कोनापलीकडे कलली, की पहिलवानालाही सावरत नाही.

आम्ही एका गॅरेजमध्ये गेलो. तिथल्या पोराने पाच मिनिटांत निकाल दिला. मागचे दोन्ही शॉकअप काढले आणि दीड-दोन इंच आखूड शॉकअप बसवले. मुलगी बसली. दोन्ही पायांचे पंजे जमिनीला लागले. ती हसली, मीही हसलो. पैसे दिले आणि घरी आलो.

दोन आठवड्यांनी तिचा फोन आला. आवाज कापत होता. लसीकरणाचा दिवस होता. गाडी उपकेंद्राच्या अंगणात साईड स्टँडवर उभी होती. कुणाचा तरी धक्का लागला आणि गाडी स्टँडच्या विरुद्ध बाजूला आडवी झाली. तिथे एक तीन वर्षांचे लेकरू खेळत होते. आईने वेळेत ओढले म्हणून वाचले. आरसा फुटला, हँडल वाकले. त्या रात्री मला झोप लागली नाही. गाडी मी दिली होती आणि गॅरेजमध्येही मीच नेली होती.

दुसऱ्या दिवशी गाडी माझ्या ओळखीच्या जुन्या मिस्त्रींकडे नेली. त्यांनी गाडीभोवती एक चक्कर मारली आणि म्हणाले, "चाचा, गाडी तं तुमी खाली केली, पन स्टँड कापला काय?"

मग त्यांनी जे समजावून सांगितले, ते प्रत्येक गाडीवाल्याला ठाऊक असायला हवे. साईड स्टँडची लांबी गाडीच्या मूळ उंचीशी जुळवलेली असते. गाडी खाली आली आणि स्टँड तेवढाच राहिला, तर तो लांब पडतो. गाडी त्याच्यावर रेलून उभी राहायची ती जवळजवळ सरळ उभी राहते. मग जरासा धक्का पुरतो. डबल स्टँडचेही तेच. चाक जेवढे उचलायचे त्याहून जास्त उचलावे लागते. म्हणजे जिच्यासाठी गाडी खाली केली, तिलाच स्टँड लावणे जड होते.

दुसरी गोष्ट दिव्याची. मागची बाजू बसली की पुढची वर पाहते. दिव्याचा झोत रस्ता सोडून समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत जातो. तिसरी गोष्ट हँडलची. पुढच्या फोर्कला मुळात एक ठरावीक तिरपेपणा असतो. फक्त मागची बाजू खाली घेतली की तो वाढतो आणि हँडल जड, आळशी होते. फक्त पुढची खाली घेतली तर उलट होते, हँडल चंचल होते आणि वेगात थरथरते. म्हणून उतरवायचेच असेल, तर पुढे आणि मागे सारखे उतरवावे लागते. मी कवी असल्याने मला हे लगेच पटले. ओळीच्या एका टोकाची मात्रा काढली, की दुसरे टोक लंगडते.

चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. शॉकअपमधली स्प्रिंग आपल्या आरामापुरती नसते. उंचवटा आला की चाक वर जाते, खड्डा आला की खाली येते आणि टायर जमिनीला चिकटून राहतो. टायर जमिनीवर असेल तरच ब्रेक लागतो आणि गाडी वळते. आखूड शॉकअप घातला की चाकाला वर जायला जागा कमी उरते. एकटी मुलगी बसली तर चालून जाते. मागे कुणी बसले आणि खड्डा आला, की टायर मडगार्डच्या आतून घासतो. पोटाखालची मोकळी जागाही तेवढीच कमी होते. मिस्त्रींनी गाडी तिरपी करून दाखवली. सायलेन्सरच्या खालच्या अंगाला आणि स्टँडला गतिरोधकांनी ओरखडे पाडले होते. ते म्हणाले, "पोरीले दोन इंच भेटले, ते रस्त्यानं काढून घेतले."

ज्या गाड्यांना मागे दोनऐवजी एकच शॉकअप असतो, म्हणजे मोनोशॉक, त्यांच्यात तर अधिक जपावे लागते. तो शॉकअप चिमट्याच्या मुळाशी असतो आणि चाक चिमट्याच्या टोकाला. तरफेचा नियम आपण शाळेत शिकलो आहोत. मुळाशी अर्धा इंच कमी केला, तर टोकाला इंच-दीड इंचाचा फरक पडतो. पुढच्या फोर्कमध्ये काही गाड्यांत नळ्या टीमध्ये थोड्या वर सरकवून पुढची बाजू खाली घेता येते. दोन्ही नळ्या अगदी सारख्या सरकवाव्या लागतात आणि बोल्ट नेमक्या ताकदीने आवळावे लागतात. काही गाड्यांत नळी वरच्या टीला टेकूनच बसते, तिथे सरकवायला वावच नसतो. हे सगळे केल्यावर चेनचा ताण, ब्रेकच्या केबल आणि दिव्याचा झोत पुन्हा तपासावा लागतो.

मग मार्ग काय? मिस्त्रींनी आधी जुने शॉकअप परत बसवले. मग म्हणाले, जो इंच स्वस्तात आणि धोक्याविना मिळतो, तो आधी घ्या.

पहिला इंच सीटमधून. गाडी कुशनवाल्याकडे नेली. त्याने सीटचे कव्हर उसवून वरचा फोम साधारण इंचभर तासला आणि त्याहून मोलाची गोष्ट म्हणजे टाकीजवळच्या दोन्ही कडा निमुळत्या केल्या. मांड्या कमी फाकल्या की पाय तेवढाच जास्त खाली पोहोचतो. फोम फार काढला तर खालची पाटी टोचते, म्हणून इंचावर थांबायचे.

दुसरा अर्धा-पाऊण इंच पायांतून. सपाट चपलेऐवजी जाड तळाचा, घोट्यापर्यंतचा बूट. चिखलात तो तसाही लागतोच.

तिसरे थोडेसे स्प्रिंगच्या खाचेतून. अनेक गाड्यांच्या मागच्या शॉकअपवर तळाशी पाच पायऱ्यांची खाच असते. वाकड्या पान्ह्याने ती फिरवता येते. वरच्या पायरीवर स्प्रिंग आधीच जास्त दाबलेली असते आणि गाडी उंच राहते. खालच्या पायरीवर गाडी थोडी अधिक बसते. मुलीचे वजन कमी, आणि गाडी मात्र माझ्यासाठी, मागे गव्हाचे पोते ठेवून चालवायच्या हिशेबाने वरच्या खाचेवर ठेवलेली. ती सर्वांत खालच्या खाचेवर आणली. दोन्ही बाजूंना खाच सारखीच हवी, आणि मागे माणूस बसणार असेल तर ती पुन्हा वर घ्यायची.

चौथी गोष्ट सवयीची, आणि ती फुकट आहे. दोन्ही पाय टेकण्याचा हट्ट सोडायचा. थांबताना सीटवर थोडे पुढे आणि डावीकडे सरकायचे, डावा पाय पुरता जमिनीवर आणि उजवा ब्रेकवर. थांबण्याआधी जमीन पाहायची. उंचवट्याकडे पाय टाकायचा, खळगीकडे नाही. आम्ही बापलेक एका रिकाम्या मैदानात रोज संध्याकाळी अर्धा तास फक्त थांबायला शिकलो. चालवायला तिला येतच होते.

एवढ्यावर तिचा एक पाय टाचेसकट टेकू लागला. स्टँड, दिवा, हँडल, पोटाखालची जागा, सगळे कंपनीने दिले तसेच राहिले.

याउपरही गाडी उतरवायची असेल, तर कायदा लक्षात ठेवावा. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार, नोंदणीत आणि कंपनीच्या मूळ रचनेत तफावत पडेल असा बदल गाडीमालकाला मनाने करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीने त्यासाठी शिक्षा कडक झाली आहे. अपंग व्यक्तींसाठी गाडीत बदल करायची वाट कायद्यात आहे, पण तीही परिवहन कार्यालयातून जाते. चिमटा कापून जोडणे, शॉकअपला वेल्डिंग मारणे असले उद्योग तर कुणीच करू नयेत. वेल्ड खड्ड्यात सुटला तर सावरायला क्षण मिळत नाही.

कंपन्यांनाही आता थोडे समजू लागले आहे. २०२० साली आलेल्या मिटिऑर ३५० ची सीट ७६५ मिलिमीटरवर आहे, म्हणजे गाडी अवजड असूनही सीट स्प्लेंडरहून खाली. २०२३ च्या हिमालयन ४५० ची सीट मागे-पुढे न पाहता ८२५ वरून ८४५ करता येते, आणि बुटक्यांसाठी ८०५ ची वेगळी सीट मिळते. हार्ले-डेव्हिडसनने २०२१ साली पॅन अमेरिका या गाडीत अशी सोय दिली, की थांबायची वेळ आली की गाडी आपोआप खाली बसते आणि निघाली की उठते. उंट माणसाला पाठीवर घेण्यासाठी गुडघे टेकतो, तसेच. ती गाडी आपल्या आवाक्यातली नाही. पण थांबताना भीती वाटते, हे कुठल्यातरी कारखान्यात कुणीतरी ऐकले, याचे मला बरे वाटले.

आपल्याकडे हे ऐकले जाणे गरजेचे आहे. १९७२ साली लुना आली आणि गावोगावच्या शिक्षिका, परिचारिका तिच्यावरून कामावर जाऊ लागल्या, कारण पाय जमिनीला टेकत होते. आज तांड्यावर जाणारी आरोग्यसेविका, शेतावर जाणारी कृषी सहायक यांना मोटारसायकलचे मोठे चाक हवे आहे. त्यांना "होईल सवय" म्हणून सोडून देणे बरे नाही, आणि माझ्यासारखी घाई करून शॉकअप कापून देणेही बरे नाही. आधी टेप घेऊन पाय मोजा, सीट मोजा, आणि मगच पान्हा हातात घ्या.

मुलगी आता पावसातही त्याच गाडीने जाते. घरी आली की मी आधी साईड स्टँड पाहतो, गाडी नीट रेलली आहे ना. ती म्हणते, "अब्बा, रोज काय पाहता?" मी काही बोलत नाही. ते तीन वर्षांचे लेकरू आता शाळेत जाते, असे तिनेच मला सांगितले आहे.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)