आघात हलला की क्रियापद बदलते

स्पॅनिशमध्ये 'तेर-मि-नो' या शब्दातल्या पहिल्या अवयवावर जोर दिला तर 'संज्ञा' किंवा 'शेवट' असा अर्थ होतो. जोर मधल्या अवयवावर आला तर 'मी संपवतो', शेवटच्यावर आला तर 'त्याने संपवले'. मराठीत नुसत्या आघाताने क्रियापदाचा काळ आणि पुरुष बदलत नाही. म्हणून आपल्याकडच्या विद्यार्थ्याने इथे रूपांइतकाच कानही घोटून तयार करायला हवा.

मूळ नियम छोटा आहे. शब्दाच्या शेवटी स्वर, 'न' किंवा 'स' असेल तर आघात उपान्त्य अवयवावर येतो, दुसरे व्यंजन असेल तर अंत्य अवयवावर. याबाहेर जाणाऱ्या शब्दात आघाताच्या स्वरावर तिरकी रेघ देतात. 'न' आणि 'स' यांनाच ही सवलत आहे, कारण ते प्रत्यय आहेत. 'आ-ब्ला' म्हणजे तो बोलतो, 'आ-ब्लास' तू बोलतोस, 'आ-ब्लान' ते बोलतात. तिन्हींत जोर 'आ'वरच राहतो. सवलत नसती तर अशा प्रत्येक रूपावर रेघ ओढावी लागली असती.

अवयव पाडताना 'ब्ल' फोडायचा नाही. खरी परीक्षा स्वरांची असते. 'काम-ब्यार' (बदलणे) आणि 'एम-ब्यार' (पाठवणे) जुळी भावंडे वाटतात. पण 'मी बदलतो' म्हणजे 'काम-ब्यो', दोनच अवयव. 'मी पाठवतो' म्हणजे 'एम-बी-ओ', तीन अवयव. दुसऱ्यात आघात 'ई'वर पडतो आणि शेजारचे स्वर वेगळे होतात. हे मात्र क्रियापदागणिक लक्षातच ठेवावे लागते.

'पो-देर' म्हणजे शकणे. 'मी शकतो'साठी 'प्वे-दो', 'आम्ही शकतो'साठी 'पो-दे-मोस'. पाठ्यपुस्तके याला अनियमित म्हणतात, ते मला पटत नाही. धातूवर आघात पडला की 'ओ'चा 'वे' होतो, प्रत्ययावर गेला की 'ओ' तसाच राहतो. लॅटिनमधला ऱ्हस्व 'ओ' आघाताखाली असा फुटला. म्हणून तर चांगला 'ब्वे-नो', पण चांगुलपणा 'बोन-दाद'. तिथे जोर 'दाद'वर आहे. अर्जेंटिनात याचा पुरावाच मिळतो. स्पेनमध्ये 'तू शकतोस'ला 'प्वे-देस' म्हणतात, ब्यूनस आयर्समध्ये 'पो-देस'. तिथे जोर 'देस'वर असतो, म्हणून 'ओ' शाबूत राहिला आहे.