संगणक-जाळ्याचे काम आणि दीघजाणूचा प्रश्न



अंगुत्तरनिकायात व्यग्घपज्ज सुत्त नावाचे एक सुत्त आहे. कोलियांच्या कक्करपत्त या गावी तथागत राहत असताना दीघजाणू नावाचा एक गृहस्थ त्यांच्या भेटीस आला. आम्ही मुलाबाळांत राहणारी, संसारात गुंतलेली माणसे. आमचे हित आणि सुख कशात आहे, असे त्याने विचारले. तथागतांनी त्याला संसार सोडण्यास सांगितले नाही. त्याच्या इहलोकीच्या हितासाठी त्यांनी चार गोष्टी सांगितल्या. उट्ठानसंपदा म्हणजे आपल्या कामातील कौशल्य व उद्योगशीलता, आरक्खसंपदा म्हणजे श्रमाने मिळविलेल्याचे रक्षण, कल्याणमित्तता म्हणजे सज्जनांची संगत आणि समजीविता म्हणजे प्राप्ती पाहून खर्च करण्याची शिस्त.

आज आपल्या वस्तीतील तरुण हाच प्रश्न निराळ्या शब्दांत विचारतो आहे. पदवी हाती आहे, स्पर्धा परीक्षांचे अर्ज भरून झाले आहेत आणि जाहिरात निघण्याची वाट पाहण्यात तीन-चार वर्षे निघून गेली आहेत. राखीव जागा हा आपला घटनात्मक हक्क आहे. तो टिकविण्यासाठी झगडलेच पाहिजे. परंतु १९९१ च्या आर्थिक धोरणानंतर खाजगी क्षेत्र वाढत गेले आणि तेथे राखीव जागा लागू नाहीत. तेथे प्रवेश मिळवायचा तर हाताशी असे कौशल्य हवे की, समोरच्याला ते नाकारता येऊ नये. संगणक नेटवर्किंग व आय.टी. सपोर्ट हे असे एक क्षेत्र आहे. त्याची माहिती, दीघजाणूला मिळालेल्या उत्तराच्या आधारे, आम्ही येथे देत आहोत.

हे काम म्हणजे नेमके काय?

बँकेची शाखा, रुग्णालय, महाविद्यालय, कारखाना, तहसील कचेरी यांपैकी कोठेही जा. तेथील संगणक एकमेकांना जोडलेले असतात. भिंतीतून गेलेल्या वायरी, त्या जेथे एकत्र येतात तो स्विच, बाहेरच्या जगाशी जोडणारा राउटर आणि वायफायची पेटी मिळून जे तयार होते त्याला नेटवर्क म्हणतात. ते उभारणे व चालू ठेवणे म्हणजे नेटवर्किंग. संगणक, प्रिंटर, ई-मेल यांच्या अडचणी सोडवून देणे म्हणजे सपोर्ट.

पुष्कळांचा असा समज असतो की, संगणकाचे काम म्हणजे प्रोग्रॅम लिहिणे आणि त्यासाठी इंजिनियरच असावे लागते. हा समज खरा नाही. या क्षेत्रात आय.टी.आय., पदविका किंवा साधी पदवी घेतलेला तरुणही शिरू शकतो. सुरुवात फील्ड इंजिनियर, डेस्कटॉप सपोर्ट किंवा हेल्पडेस्क या नावाच्या जागेने होते. पुढे नेटवर्क, सर्व्हर, क्लाउड किंवा सुरक्षा यांपैकी एक शाखा धरून वर चढता येते. मुंबई-पुण्यातील कार्यालयांत, महापे-ऐरोलीच्या डेटा सेंटरमध्ये आणि तालुक्याच्या ठिकाणच्या पतपेढीतही हे काम असते. पासवर्ड बदलून देण्यासारखी अगदी साधी कामे आता यंत्रे करू लागली आहेत, म्हणून पहिल्या पायरीवरच बसून राहून चालणार नाही, हेही ध्यानात ठेवावे.

एक बिघाड, पाच प्रश्न

या कामाचे मर्म एका उदाहरणाने सांगतो. महाविद्यालयाच्या कार्यालयातून फोन येतो, ‘इंटरनेट बंद आहे.’ अननुभवी मनुष्य संगणक बंद करून पुन्हा चालू करतो आणि नशिबावर सोडून देतो. जाणकार मनुष्य क्रमाने प्रश्न विचारतो.

पहिला प्रश्न, वायर जेथे लागते तेथील दिवा लागला आहे काय? नसेल तर वायर, तिचे टोक किंवा स्विच पाहावा. दुसरा प्रश्न, संगणकाला पत्ता मिळाला आहे काय? ‘आयपीकॉन्फिग’ ही आज्ञा दिली की तो दिसतो. विंडोज संगणकावर तो १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर पत्ता वाटणाऱ्या यंत्रणेपर्यंत, म्हणजे डीएचसीपीपर्यंत, आपली मागणी पोचलेली नाही किंवा तिचे उत्तर आलेले नाही. तिसरा प्रश्न, राउटर उत्तर देतो काय? ‘पिंग’ या आज्ञेने त्याला, उदाहरणार्थ १९२.१६८.१.१ या पत्त्यावर, हाक मारून पाहावी. चौथा प्रश्न, बाहेरच्या जगातला एखादा पत्ता उत्तर देतो काय? राउटर बोलतो पण बाहेरचे कोणी बोलत नाही, तर दोष बहुधा राउटरमध्ये किंवा कंपनीच्या लाइनीत. पाचवा प्रश्न, बाहेरचा पत्ता उत्तर देतो, पण संकेतस्थळाचे नाव टाकले की उघडत नाही, असे आहे काय? असे असेल तर नावावरून पत्ता शोधून देणारी डीएनएस ही व्यवस्था तपासावी.

पाच प्रश्नांत दोष कोठे आहे ते कळते. दुःख आहे, दुःखाला कारण आहे, कारण दूर केले तर दुःख दूर होते आणि ते दूर करण्याचा मार्ग आहे, हे आपण विहारात लहानपणापासून ऐकत आलो आहोत. धम्माची तुलना यंत्राशी करावी असा आमचा हेतू नाही. पण नशीब, ग्रह, कोप यांना बाजूला सारून कारण शोधण्याची जी सवय धम्माने आपल्याला दिली, तीच येथे उपयोगी पडते.

उट्ठानसंपदा : काय शिकावे, कोठे शिकावे?

प्रथम हाताचे काम शिकावे. नेटवर्कच्या वायरीत आठ तारा, म्हणजे चार जोड्या असतात. नेहमीच्या पद्धतीत त्यांचा क्रम पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी असा असतो. हा क्रम पाठ करून क्रिम्पिंग टूलने टोक बसवावे व टेस्टरने तपासावे. पहिली काही टोके फुकट जातील, त्याची खंत करू नये. अशी तांब्याची वायर दोन यंत्रांमध्ये १०० मीटरपर्यंतच घ्यायची असते, हा नियमही तेव्हाच शिकावा.

त्यानंतर आयपी पत्ते व त्यांचे विभाग, स्विच व राउटर यांतील फरक, विंडोज व लिनक्स यांचा परिचय, अशा क्रमाने पुढे जावे. इंग्रजीचे भय बाळगू नये. सुरुवातीला तीन ओळींचे पत्र लिहिता आले पाहिजे : अडचण काय होती, कारण काय निघाले, काय केले. रोज एक असे पत्र लिहिले तरी वर्षाअखेर हात पुष्कळ सरावतो.

आय.टी.आय.मध्ये ‘कोपा’ हा एक वर्षाचा संगणक अभ्यासक्रम आहे, तसेच संगणक व दळणवळण यंत्रणांच्या देखभालीचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम आहे. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली विद्यावेतनासह अनुभव घेता येतो. घरी बसून शिकायचे तर केंद्र सरकारचे २०१७ साली सुरू झालेले ‘स्वयम्’ आहे. मुंबई आयआयटीच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’मध्ये लिनक्स वगैरे विषयांचे पाठ मराठीतूनही आहेत. सिस्को नेटवर्किंग अकादमीचे प्राथमिक पाठ विनामूल्य आहेत. त्यांच्या ‘पॅकेट ट्रेसर’मध्ये खरा राउटर नसतानाही राउटर जोडण्याचा सराव होतो. पुण्याच्या ‘बार्टी’ या संस्थेच्या प्रशिक्षण योजनांच्या जाहिरातींवर लक्ष ठेवावे.

प्रमाणपत्रांमध्ये सपोर्टसाठी ‘ए प्लस’ आणि नेटवर्किंगसाठी १९९८ पासून चालत आलेली ‘सीसीएनए’ ही परीक्षा प्रसिद्ध आहे. फेब्रुवारी २०२० पासून सीसीएनएची एकच परीक्षा द्यावी लागते. परीक्षेची फी आपल्या घरांच्या मानाने जड आहे, म्हणून सराव पक्का झाल्यावरच ती भरावी.

उमेद कशी टिकवावी?

शिकायला सुरुवात पुष्कळजण करतात, दुसऱ्या महिन्यात सोडून देतात. घरात जागा नाही, संगणक नाही, मुलाखतीत नकार मिळाला. कधी आडनाव ऐकताच समोरच्याचा सूर बदलतो, हाही अनुभव आपल्या मुलांना येतो. तो खोटा आहे असे आम्ही म्हणणार नाही. पण त्यामुळे स्वतःविषयी शंका घेण्याचे कारण नाही.

आम्ही एक साधा उपाय सुचवितो. एक वही करावी आणि तिच्यात तीन रकाने आखावेत : बिघाड, कारण, उपाय. शेजाऱ्याचा प्रिंटर असो, विहारातील वायफाय असो की शाळेतील संगणक असो, जे दुरुस्त केले ते लिहावे. जे जमले नाही तेही लिहावे व आठवड्याने पुन्हा पाहावे. भाषण ऐकून आलेली उमेद चार दिवस टिकते, स्वतःच्या हाताने काम झाल्यावर जी येते ती राहते. शंभर नोंदी झालेली वही असेल तर मुलाखतीत ‘अनुभव काय?’ या प्रश्नाला मान खाली घालावी लागत नाही.

आरक्खसंपदा आणि समजीविता

नोकरी लागली की नेमणूकपत्र घ्यावे. या क्षेत्रात पुष्कळ नेमणुका कंत्राटदारामार्फत होतात, पगार सुरुवातीला कमी असतो, रात्रपाळीही असते. भविष्यनिर्वाह निधी कापला जात असेल तर तो आपल्या खात्यात जमा होतो की नाही ते दर महिन्याला तपासावे. सपोर्टच्या माणसाला इतरांची पत्रे, छायाचित्रे, हिशेब सहज दिसू शकतात. न दिलेले घ्यायचे नाही हे आपण पंचशीलात म्हणतो, ते येथे अक्षरशः लागू आहे. दुसऱ्याची माहिती उघडू नये, नेऊ नये. एकदा गेलेला विश्वास कोणतेही प्रमाणपत्र परत आणून देत नाही.

‘शंभर टक्के नोकरी’ अशी जाहिरात करणाऱ्या वर्गाला दागिने मोडून फी देऊ नये. आधी तेथे शिकून गेलेल्या दोघांना तरी भेटावे. नोकरी लावण्यासाठी जो पैसे मागतो त्याच्यापासून दूर राहावे. पगार सुरू झाल्यावर पहिल्या वर्षीच हप्त्याची मोटारसायकल घेण्यापेक्षा पुढच्या परीक्षेची फी बाजूला ठेवावी. व्यसन, जुगार व कुसंगत यांनी धन कसे वाहून जाते, हे तथागतांनी दीघजाणूला तलावाच्या दृष्टान्ताने सांगितलेच आहे.

कल्याणमित्तता : आपले सर्वांचे काम

प. पू. बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते. तांत्रिक प्रशिक्षणाचा विषय तेव्हा त्यांच्याच खात्याकडे होता. १९४५ साली त्यांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली. हाताचे कौशल्य आणि उच्च शिक्षण या दोन्हींकडे त्यांचे लक्ष होते. आपण त्यांच्या नावाने जयंती साजरी करतो, मग विहाराची एक खोली या कामाला का देऊ नये?

त्यासाठी मोठा निधी लागत नाही. दोन जुने संगणक, एक स्विच, वायरीचे एक बंडल, एक क्रिम्पिंग टूल व एक टेस्टर एवढ्यावर सुरुवात होते. समाजातील जे बांधव व भगिनी या क्षेत्रात आहेत त्यांनी रविवारी वंदनेनंतर दोन तास द्यावेत. आपल्या कार्यालयात जागा निघाली तर ती माहिती प्रथम या मुलांना द्यावी आणि मुलाखतीची तयारी करून घ्यावी. ज्यांच्या घरी कोणी आजवर कार्यालयात नोकरी केलेली नाही, त्या मुलाला अर्ज कसा लिहावा हे सांगणारा एक माणूस मिळणे ही फार मोठी गोष्ट असते. मुलींना या वर्गात आवर्जून आणावे. वायर जोडायला बळ नव्हे, लक्ष लागते.

विद्यार्थी मित्रांनो, या क्षेत्रात श्रम आहेत आणि पहिली दोन वर्षे कठीण आहेत. परंतु येथे शिकलेले हातात राहते व गावोगाव उपयोगी पडते. सरकारी जाहिरातीची वाट जरूर पाहा, अर्ज जरूर भरा, मात्र ती वाट पाहताना हात रिकामे ठेवू नका. वही आजच आखायला घ्या.

भवतु सब्ब मंगलं. जय भीम!