एका खेपेत मावणारा ऑर्केस्ट्रा

सकाळी 7.00
वडोदऱ्याच्या तरसालीत या वेळेला मकरपुरा जीआयडीसीच्या पाळीची घाई असते. सुसेन सर्कलकडे जाणारा रस्ता भरून वाहतो. माझी पाळी संध्याकाळची आहे. बेस गिटार गादीवर आडवी ठेवून मी तारा नुसत्या पुसतो, बदलत नाही. वापरून थोड्या मऊ झालेल्या तारांचा सूर ढोलकच्या जाड बाजूत छान मिसळतो, आणि सत्तरी ओलांडलेल्या वादकांबरोबर वाजवताना मला तोच सूर हवा असतो.

8.30
बॅग भरतो. गिटार, 6 मीटरची केबल, तशीच एक जास्तीची, डीआय बॉक्स, ट्यूनर, टॉर्च आणि वह्यांची पानं उडू नयेत म्हणून कपड्यांचे चिमटे. 15 इंची स्पीकरचा ॲम्प्लिफायर आणि इफेक्ट पेडलची पाटी आता घरीच राहते. स्टेजवर बेसचा मोठा डबा असला की त्याचा आवाज गाणाऱ्याच्या माइकमध्ये शिरतो. मग गाणारा वाढवून मागतो, त्याच्यामागून सॅक्स, त्याच्यामागून ड्रम, आणि अर्ध्या तासात कुणालाच कुणाचं ऐकू येत नाही.

डीआय बॉक्स तळहाताएवढा असतो, पण काम मोठं करतो. गिटारपासून मिक्सरपर्यंत लांबच लांब साधी वायर टाकली तर ती वाटेतल्या लाइटच्या वायरींची घरघर उचलते. हा बॉक्स तोच सूर दोन तारांवर एकमेकांच्या उलट धाडतो. वाटेत घुसलेली घरघर मात्र दोन्ही तारांवर सारखीच असते. मिक्सर एकातून दुसरी वजा करतो, तेव्हा घरघर जाते आणि सूर राहतो.

11.00
आज कुणाच्या तरी लग्नाचा पन्नासावा वाढदिवस आहे. गाण्यांची यादी ठरलीय, पण गाणाऱ्या ताईंनी एक गाणं पांढरी तीनमध्ये लिहिलंय. कीबोर्डवाल्याला त्याचं काही नाही, तो ट्रान्सपोजचं बटण दाबेल. आमच्या काकांचा सॅक्स ऑल्टो, म्हणजे ई फ्लॅटचा. पांढरी तीन आली की त्यांना सी शार्पमध्ये बोटं चालवावी लागतात. अर्धा सूर उतरून काळी दोन घेतली तर त्यांना सरळ सी मिळतो. बटण आल्यापासून हा विचार करायची सवय गेली, याचं मला वाईट वाटतं. वाजवणाऱ्याची बोटं कुठे मोकळी होतात हे ठाऊक असणं हा सोबत वाजवण्याचाच भाग आहे.

फोन करतो. “ताई, काळी दोन जमेल?”
“जमेल की. काकांना सांग, दुसऱ्या अंतऱ्याच्या आधीचा पीस लांबवा म्हणावं.”

4.00
दांडिया बाजारातून काकांना घेतो. सॅक्सची पेटी ते स्वतः उचलतात, मला हात लावू देत नाहीत. रस्त्यात सूरसागर लागतो. त्याच्या काठच्या संगीत महाविद्यालयाचं मूळ म्हणजे सयाजीरावांनी 1886 मध्ये मौलाबक्षांच्या हाती सोपवलेली गायनशाळा. या गावात नोटेशन लिहून गाणं शिकवण्याची रीत तेव्हापासूनची. काकांच्या वहीत एकाच पानावर वर सरगम आणि खाली स्टाफ नोटेशन असतं, दोन्ही पेन्सिलीनं.

5.30
पार्टी प्लॉट. साउंडवाल्या मुलानं आधीच माइकच्या स्टँडची रांग उभी केलीय. “काका, तमारे केटला माइक जोईए?”
“एक. बस थई जशे.”

मुलाचा विश्वास बसत नाही. तो बसावा म्हणून मी त्याला ‘अलबेला’ची गोष्ट सांगतो. 1951चा भगवानदादांचा सिनेमा, संगीत सी. रामचंद्रांचं, आणि पडद्यावर बँडसह स्वतः चिक चॉकलेट, मुंबईच्या हॉटेलांत डान्स बँड चालवणारा गोव्याचा ट्रम्पेटवाला. त्या काळी रेकॉर्डिंगला माइक मोजकेच असत. मोठ्या आवाजाचं वाद्य मागे, बारीक आवाजाचं पुढे. मोकळ्या जागेत माइकपासूनचं अंतर दुप्पट केलं की आवाज सुमारे 6 डेसिबलनं उतरतो, आणि जुने वादक ते पायांनी साधत. काका अजून तसंच करतात: पीस आला की एक पाऊल पुढे, ताई गायला लागल्या की दोन मागे.

बाकी स्टँड उतरवतो. ड्रमला स्नेअर, हायहॅट आणि बेस ड्रम एवढंच. सगळे अर्धगोलात, मध्ये एकच मॉनिटर. एकमेकांचे डोळे दिसले पाहिजेत, कारण शेवट कुठे करायचा ते काका मूठ उचलून सांगतात.

7.45
वाजवतोय. पहिल्या दोन गाण्यांत पाहुणे जेवणाकडे बघतात. तिसऱ्याला, त्या काळी दोनच्या गाण्याला, काका पीस खरोखरच लांबवतात आणि यजमान जोडपं उठतं. त्यांच्या मागून आणखी चार. आवाज इतका बेताचा आहे की नाचणारे एकमेकांशी बोलू शकतात. डान्स बँडनं हेच करायचं असतं असं मला मनापासून वाटतं.

वडोदऱ्यात गरब्याशिवाय कार्यक्रम उठत नाही. शेवटचा वॉल्ट्झ तीनात चाललाय. काका ढोलकवाल्याकडे बघतात, तो दोन-दोन तिनं जोडून सहा मात्रांची हींच धरतो, आणि मधे कुठेही न थांबता अख्खं मैदान गोल धरून फिरायला लागतं.

9.55
मूठ वर. दहानंतर उघड्यावर लाउडस्पीकर बंद, हा 2000च्या ध्वनिप्रदूषण नियमांतला नियम.

10.15
सगळं सामान एकाच खेपेत गाडीत. साउंडवाला मुलगा डीआय बॉक्स हातात घेऊन उलटसुलट बघतो आणि कुठे मिळतो विचारतो. काका त्याला मध्येच थांबवून सॅक्सची रीड दाखवायला लागतात, त्यामुळे निघायला उशीर होतो.

11.40
तरसाली. ताईंचा मेसेज आलाय: शनिवारचं पहिलं गाणं पांढरी चार. म्हणजे काकांना डी. चालेल, असं लगेच कळवतो.